भावाचा पगार माझ्या उत्पन्नात कसा? मोफत वकिलाच्या उत्पन्न मर्यादेबद्दल एक खुले पत्र

प्रति,
कर्नाटक राज्य कायदा सेवा प्राधिकार, बेंगळूर
आणि
कायदा खाते, कर्नाटक सरकार

महोदय,

बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर मी बॉण्ड रायटर म्हणून बसतो. तेवीस वर्षे झाली. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. पत्र्याची शेड तीच. माणूस मराठीत सांगतो, मी कन्नडात लिहितो. खरेदीखत, वारसा नोंदीचा अर्ज, अफिडेव्हिट, नावातली दुरुस्ती, सगळे लिहून झाले. त्यातच कायदा सेवा प्राधिकाराकडून मिळणाऱ्या मोफत वकिलासाठीचे अर्जही येतात. ते भरताना जे पाहिले, त्याबद्दल हे पत्र आहे.

गेल्या पावसाळ्यात चाळिशीतला एक माणूस आला. खताच्या रिकाम्या पिशवीत कागद बांधून आणलेले, बाहेर पाऊस लागलेला. त्याने आतून उत्पन्नाचा दाखला काढला. भिजू नये म्हणून लॅमिनेशन करून घेतला होता, अजून प्लास्टिकचा वास येत होता. दाखला कन्नडात. त्याला मराठी वाचता येते, कन्नड येत नाही. म्हणाला, "मामा, ह्याच्यात काय लिहिलंय ते वाचून सांगा की. आत दिलो तर बसत नाही म्हणाले."

मी वाचले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न: 3,40,000 रुपये.

त्याचा विश्वास बसेना. मग आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. त्याच्या दोन गाई, डेअरीचे बिल, इतरांच्या शेतातली मजुरी, सगळे मिळून वर्षाला 1 लाख 12 हजार. मग उरलेले कुठले? थोरला भाऊ गोव्यात एका कंपनीत आहे, पगार 19 हजार. बारा महिन्यांचे 2 लाख 28 हजार. रेशन कार्ड अजून एकच, त्यावर आई, दोघे भाऊ, दोघांच्या बायका, मुले. नाडकचेरीने, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयाने, कार्ड पाहिले, बेरीज केली, दाखला दिला. त्यांच्या परीने बरोबरच केले.

आणि दावा कोणावर लावायचा होता? त्याच थोरल्या भावावर. वडील वारल्यावर थोरल्याने वारसा नोंद एकट्याच्या नावे करून घेतली होती, आणि आता जमीन विकायला काढली होती. धाकट्याला वाटणी हवी होती, विक्रीला मनाई हवी होती. ज्याने हिस्सा दाबला त्याचा पगार धाकट्याच्या उत्पन्नात धरला गेला, आणि त्या पगारामुळे त्याला वकील नाकारला गेला.

"भावाचा पगार माझ्या ताटात कधी पडला ओ, मामा?" एवढेच तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही, म्हणून तुम्हाला विचारतो आहे.

मोफत मदतीच्या कार्यालयातल्या माणसाला मी दोष देत नाही. तो नीट बोलला, खुर्ची दिली. फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आहे, जोडायच्या कागदांत दाखला आहे, दाखल्यावर आकडा आहे, आणि मर्यादा 3 लाखांची आहे. त्याने आकडा मर्यादेशेजारी ठेवून पाहिला. मी स्वतः तेवीस वर्षे हेच करत आलो. माणूस आला की पहिले वाक्य, "आधी उत्पन्नाचा दाखला घेऊन या." कायद्यात काय लिहिले आहे ते मी त्या दिवसानंतर काढून वाचले. आधी वाचायला हवे होते.

1987 चा कायदा सेवा प्राधिकार कायदा, जो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला, त्याचे कलम 12 मोफत मदत कोणाला ते सांगते. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, वेठबिगारीचा किंवा मानवी व्यापाराचा बळी, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत किंवा जातीय अत्याचारात सापडलेला, यांना उत्पन्नाची अटच नाही. उत्पन्न पाहायचे ते बाकीच्यांचे. आणि तिथेही शब्द आहेत ते "त्या व्यक्तीचे" वार्षिक उत्पन्न. कुटुंबाचे नव्हे, रेशन कार्डाचे नव्हे. पुढचे कलम 13 तर स्पष्ट म्हणते की उत्पन्नाबद्दल माणसाने केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल; त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तेव्हाच प्रश्न. म्हणजे संसदेने दार उघडे ठेवले होते. आपण सगळ्यांनी मिळून, त्यात मीही आलो, त्या दारापुढे दाखल्याची रांग लावली.

दाखला कशासाठी असतो? शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, पेन्शनसाठी. तिथे घर एक धरणे समजू शकते, कारण घराने मुलाला शिकवायचे असते. पण दावा हा बहुतेक वेळा घरातूनच उठतो. मी लिहिलेल्या दिवाणी दाव्यांच्या कागदांत निम्म्याहून जास्त भावाभावांचे, चुलत्या-पुतण्यांचे, सावत्र भावंडांचे. आमच्या भागात उतारा सामाईक असतो, आजोबांच्या नावावरून खाली उतरतच नाही, चार भावांची बारा नातवंडे एका सर्व्हे नंबरवर. तिथे "कुटुंबाचे उत्पन्न" म्हणून जे मोजले जाते त्यात वादी आणि प्रतिवादी दोघांची भाकरी एकाच टोपलीत टाकलेली असते.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी हीच आहे. उत्पन्न मोजायचे ते अर्जदाराचे, आणि फार तर त्याच्या नवऱ्या-बायकोचे नि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचे. ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याचा एक पैसाही त्यात धरायचा नाही, मग तो रेशन कार्डावर असो वा एकाच छपराखाली राहत असो. हे मी हवेतले मागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये दिवाणी मदतीसाठी जोडीदाराचे उत्पन्न एकत्र धरतात, पण त्या दोघांचे हितच दाव्यात एकमेकांविरुद्ध असेल तर धरत नाहीत. एवढी साधी अट आपल्या नियमात एका ओळीत बसेल.

इथे कोणी म्हणेल, त्या माणसाच्या आईने अर्ज करायचा होता, स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. बरोबर आहे. मीही तेच सुचवले. म्हातारी थोरल्याकडे जेवते. तिने थोरल्याविरुद्ध सही करायची आणि संध्याकाळी कुठल्या चुलीकडे जायचे?

आता उत्पन्न म्हणजे काय, त्याबद्दल. या भागात हा प्रश्न उसाच्या बिलावर येऊन थांबतो.

चिकोडी, अथणी, हुक्केरी, निपाणीकडचा तीन एकरवाला शेतकरी घ्या. एकरी चाळीस टन धरला तर 120 टन. 2025 च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला 3,500 रुपये मागत रस्त्यावर बसले होते, शेवटी 3,300 वर तोडगा निघाला. तोच दर धरू. 120 गुणिले 3,300 म्हणजे 3 लाख 96 हजार. बँकेच्या पासबुकात एवढी रक्कम दिसली की दाखल्यावरही तीच चढते आणि माणूस मर्यादेच्या बाहेर. पण त्याने नांगरट केली, बेणे घेतले, लागण केली, खताची पोती आणली, भांगलण केली, औषध मारले, मोटार जळली ती भरून आणली, सोसायटीचे कर्ज आधीच कापून गेले. पीक वर्षाहून जास्त काळ रानात उभे होते. हातात जे उरते ते दीड-दोन लाख असेल तर तो नशीबवान. दुधगंगा-वेदगंगेला पूर आला आणि ऊस कुजला तर तेही नाही. 2019 चा ऑगस्ट इथल्या कोणी विसरलेला नाही.

उलाढाल आणि उत्पन्न हे दोन वेगळे शब्द आहेत. सरकारला हे कळत नाही असे नाही. दुकानदाराकडून आयकर घेताना खर्च वजा करूनच घेते. मग वकील मागायला आलेल्या शेतकऱ्याला ढोबळ रकमेने का मोजायचे?

वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकराचीही तीच गत. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा औद्योगिक कामगार म्हणून कायद्यात सरळ बसतो, त्याला उत्पन्न विचारायचे नाही. विणकर मात्र घरात दोन माग टाकून बसलेला असतो. सूत व्यापाऱ्याचे, साडी व्यापाऱ्याची, याच्या वाट्याला मजुरी आणि लाइटचे बिल. कागदोपत्री तो "मालक". घरात सगळे मिळून बारा-बारा तास राबतात आणि त्या सगळ्यांची मजुरी एका नावावर दिसते. त्याच्या मागाचा खटखटाट फाउंड्रीतल्या आवाजापेक्षा कमी नाही, पण तो कामगार ठरत नाही. त्याच्यासाठी एकच वाट उरते, उत्पन्नाची, आणि तिथे ढोबळ आकडा त्याला आडवा येतो.

मजुरांचे पाहा. नवरा गवंडी, हजेरी समजा 800. बायको त्याच्याच हाताखाली, हजेरी 400. महिन्याला 25 दिवस काम मिळाले असे धरू, जे पावसाळ्यात कधीच मिळत नाही. 20 हजार आणि 10 हजार, म्हणजे 30 हजार. वर्षाचे 3 लाख 60 हजार. बायको स्त्री म्हणून पात्र आहे, पण ज्या जागेचा वाद आहे ती नवऱ्याच्या नावे आहे. दाखल्यावर दोघांची बेरीज येते आणि नवरा अपात्र ठरतो. भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुले, एक म्हातारी. वकिलाने वकीलपत्र घेताना पहिली रक्कम सांगितली की ते दोघे एकमेकांकडे बघतात. ते बघणे मी अनेक वेळा पाहिले आहे. मग नवरा म्हणतो, "बघू, येतो दिवाळीनंतर." दिवाळीनंतर फार थोडे येतात. तोवर मुदत निघून जाते, नाहीतर समोरच्याने भिंत बांधून घेतलेली असते.

3 लाख हा आकडा कुठून आला, कधी बदलायचा, कोण बदलणार, याचे काही सूत्र नाही. मूळ कायद्यात खालच्या कोर्टांसाठी 9 हजार रुपये होते, आणि राज्य सरकारला त्यापेक्षा जास्त रक्कम ठरवायची मुभा होती. राज्यांनी वेळोवेळी वाढवली, हे मान्य करायलाच हवे. 9 हजारांवरून 3 लाखांपर्यंत येणे लहान गोष्ट नाही. पण वाढ झाली ती कोणाच्या तरी मनात आले तेव्हा झाली. मधली वर्षे महागाई चालत राहते आणि आकडा जागच्या जागी. दरवर्षी थोडी थोडी माणसे त्या रेषेवरून पलीकडे ढकलली जातात. ती श्रीमंत झालेली नसतात. तेल, गॅस, शाळेची फी महागली म्हणून मजुरी वाढलेली असते, एवढेच.

याच देशात आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या कर पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर भरावा लागत नाही. म्हणजे एका खात्याच्या लेखी 8 लाखवाला दुर्बल, दुसऱ्याच्या लेखी 12 लाखवाल्यावर बोजा नको, आणि कोर्टाच्या दारात 3 लाख 10 हजारवाला सक्षम. सगळीकडे एकच आकडा असावा असे मी म्हणत नाही. प्रत्येक योजनेचा हेतू वेगळा. पण एवढी तफावत असेल तर ती का, याचे उत्तर कोणीतरी लिहून ठेवायला हवे.

त्याहून विचित्र गोष्ट कायद्याच्या आतच आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यासाठी मर्यादा 5 लाखांची आहे. समजा एकाचे उत्पन्न 4 लाख. निपाणीच्या, खानापूरच्या किंवा चिकोडीच्या कोर्टात तो अपात्र. स्वतःच्या पैशाने लढला, हरला, अपिलात धारवाडच्या खंडपीठापुढे गेला, तिथेही अपात्र. सगळे विकून दिल्लीला पोहोचला, की तिथे पात्र. मदत लागते ती सुरुवातीला. दावा कसा मांडला, कोणते कागद लावले, कोणाची साक्ष घेतली, हे खालच्या कोर्टात ठरते. तिथे चूक झाली तर दिल्लीतला मोठ्यात मोठा वकीलही फार काही करू शकत नाही. म्हणून खालच्या कोर्टांची मर्यादा निदान 5 लाखांवर न्या. आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे ती आपोआप वाढेल असा नियमच करा. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून नियम करायचा अधिकार राज्य सरकारला याच कायद्याने दिलेला आहे. संसदेकडे जायची गरज नाही.

आणि रेषा कितीही वर नेली तरी रेषेवरचा माणूस राहणारच. 2 लाख 99 हजारवाल्याला सगळे फुकट, 3 लाख 1 हजारवाल्याला काहीच नाही. दोन हजारांच्या फरकाने वकिलाची पूर्ण फी, कोर्ट फी, प्रोसेसचा खर्च, सगळे अंगावर. इंग्लंडमध्ये आधी ढोबळ उत्पन्न पाहतात, तिथे महिन्याची मर्यादा 2,657 पौंड. मग घरभाडे, अवलंबून असलेली माणसे वगैरे वजा करून हातात उरणारी रक्कम पाहतात, ती 733 पौंडांच्या आत हवी. शिवाय बचत-मालमत्ता 8,000 पौंडांच्या आत. आणि त्या आतही जो थोडा वरच्या बाजूला आहे त्याला मदत नाकारत नाहीत, महिन्याला काही रक्कम भरायला सांगतात. तिथले सगळे चांगले आहे असे नव्हे. तिथलेही आकडे वर्षानुवर्षे गोठून पडले होते, लोक ओरडत होते, आणि 2022 मध्ये त्यांच्या न्याय मंत्रालयाला फेरविचार लोकांपुढे मांडावा लागला. पण मोजण्याची रीत घेण्यासारखी आहे. खर्च वजा करा, आणि काठावरच्याकडून झेपेल तेवढे घ्या. आमच्याकडचा माणूस फुकट मागायला लाजतो. महिना पाचशे रुपये भरा म्हटले तर तो मान वर करून भरेल.

आपल्याकडे दुसरी एक वाट दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आदेश 33. निर्धन म्हणून दावा लावला तर कोर्ट फी तूर्त भरावी लागत नाही. तिथे निर्धन कोण, याची एक कसोटी 1976 पासून अशी: फी ठरलेली नसेल तिथे, सूट दिलेल्या वस्तू आणि दाव्यातली मालमत्ता सोडून एक हजार रुपयांची मालमत्ता नसलेला. एक हजार. आज हातातला जुना मोबाइलही त्याहून महाग असतो. आकडे विसरून जाण्याची सवय आपल्याला किती जुनी आहे ते यात दिसते.

लोकअदालत आहे की, असेही सांगतात. मी लोकअदालतीत मिटलेले वाद पाहिले आहेत, काही फार चांगले मिटले. पण तिथे दोन्ही बाजू राजी लागतात, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून उभा असलेला माणूस, अशी तडजोड झाली तर तिला तडजोड म्हणवत नाही.

हा विषय या मातीला नवा नाही. बेळगाव मुंबई राज्यात होते तेव्हा, 1949 साली, मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना दिवाणी आणि फौजदारी कामात कायद्याची मदत कशी द्यावी, हे पाहायला समिती नेमली होती. दिवाणीसुद्धा, हे लक्षात घ्या. 1976 च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ आले. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाची न्यायाची संधी हुकू नये, हे राज्याचे काम ठरले. आज फौजदारीत आरोपीला वकील मिळण्याची व्यवस्था बरीच उभी राहिली आहे, आणि ती हवीच. पण आमच्याकडे माणसाचे आयुष्य अटकेने क्वचित मोडते. ते मोडते बांधाने, वारसा नोंदीने, घराच्या ताब्याने.

सीमाभागाचा मोठा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. या पत्रात मला तो आणायचा नाही. पण मोफत मदतीच्या अर्जाला भाषेची एक बाजू आहे, तेवढी सांगतो. तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क अनुच्छेद 350 देते. मोफत मदतीचा फॉर्म आणि उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठीतही ठेवा. तो माणूस माझ्याकडे दाखला वाचून घ्यायला आला होता. स्वतःचे उत्पन्न किती लिहिले आहे हे त्याला नाकारले जाईपर्यंत माहीत नव्हते. मराठीत असते तर त्याने खिडकीवरच विचारले असते, की ह्यात भावाचा पगार कसा आला. 15100 हा मोफत मदतीचा फोन नंबरही माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ऐकलेला नसतो.

आणि ज्यांना उत्पन्नाची अटच नाही, त्यांच्याकडून दाखला मागणे तातडीने थांबवा. निपाणीकडे विड्या वळणारी बाई, पुरात घर पडलेला माणूस, अनुसूचित जातीचा शेतमजूर, यांना दाखल्यासाठी दोन-दोन दिवसांची मजुरी बुडवून नाडकचेरीत चकरा मारायला लावणे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही. माझ्या शेडमध्ये अशा बायका दाखला घेऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत. कोणी सांगितले, म्हटले तर, "सगळ्यांनाच लागतो म्हणाले." त्यासाठी नवा नियमही नको. एक परिपत्रक तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात लावले, आणि फॉर्ममध्ये पहिला प्रश्न "आपण यांपैकी कोणी आहात का" असा ठेवला, की उरलेल्यांपुरताच उत्पन्नाचा रकाना राहील. त्या उरलेल्यांकडूनही आधी प्रतिज्ञापत्र घ्या. खोटे वाटले तर तपासा, खोटे निघाले तर मदत काढून घ्या. पण पहिल्या दिवशी परत पाठवू नका.

दर हिवाळ्यात तुमच्यापैकी बरेचजण अधिवेशनासाठी बेळगावला येता, सुवर्ण विधानसौधमध्ये बसता. या वेळी एक सकाळ काढून जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टासमोर, आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये येऊन बसा. नाकारलेल्या अर्जांवरचे दाखले तुमच्या हाताने चाळा. ज्यात वादीच्या उत्पन्नात प्रतिवादीचा पगार आहे, असे किती निघतात ते मोजा. ती संख्या माझ्याकडे नाही. तुमच्याकडे अर्ज आहेत, तुम्ही मोजू शकता.

त्या माणसाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. त्याने बायकोची बोरमाळ गहाण ठेवून खासगी वकील केला. दावा लागला आहे, विक्रीला तूर्त मनाई मिळाली आहे. जमीन मूळ आजोबांनी घेतली, हे दाखवणारे खरेदीखत मोडी लिपीत आहे, त्याचे भाषांतर लावायचे आहे. मोफत मदत मिळाली असती तर हा खर्चही तिच्यातच आला असता. बेळगावात मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, पानावर पैसे घेतात. खरेदीखत सात पानांचे आहे. गेल्या आठवड्यात तो त्यांना दोन पानांचे पैसे देऊन आला. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे.

आपला,
एक बॉण्ड रायटर
जिल्हा बेळगाव